न्योकी आणि मशरूमचा सॉस: दोघांच्या जेवणाची तयारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

यंदा आमच्या लग्नाचा वाढदिवस शनिवारी आला, तारीख २९. घरीच जेवायचं आणि सगळं मी करायचं, एवढं नक्की होतं. पदार्थ निवडायला तारखेनंच मदत केली. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये इटलीहून जाऊन स्थायिक झालेल्या लोकांमुळे एक पद्धत रुळली आहे. दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी करायच्या आणि जेवताना ताटलीखाली एखादी नोट किंवा नाणं ठेवायचं, म्हणजे पुढचा महिना भरभराटीचा जातो. महिनाअखेरीला हातात पैसे कमी उरतात आणि बटाटा नि मैदा स्वस्त असतो, म्हणून हा बेत, असंही त्यामागचं कारण सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. शिवाय बायकोला मशरूम मनापासून आवडतात. तेव्हा मशरूमच्या सॉसमधल्या न्योकी करायच्या, असं ठरलं.

ज्यांनी खाल्लेल्या नाहीत त्यांच्यासाठी: न्योकी म्हणजे कुस्करलेला बटाटा आणि मैदा यांचे बोटाच्या पेराएवढे मऊ तुकडे. ते पाण्यात उकळायचे आणि सॉसमध्ये घोळवायचे. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात, आणि न्योकीत शिरायला त्याला आणखी बराच काळ लागला. त्याआधी इटलीत न्योकी व्हायच्या त्या पिठाच्या, रव्याच्या, शिळ्या पावाच्या. रोममध्ये अजूनही रवा शिजवून, थापून, चकत्या कापून भट्टीत भाजलेल्या न्योकी करतात, आणि गुरुवार हा तिथे न्योकीचा वार. व्हेरोनाच्या कार्निव्हलमध्ये तर 'पापा देल न्योको' नावाचं पात्र भल्यामोठ्या काट्यावर न्योकी टोचून मिरवणुकीत निघतं. हे वाचून मला धीर आला. इतकी वर्षं इतक्या घरांत हातानं होणारा पदार्थ आहे, तर मलाही जमायला हरकत नव्हती.

धीर हवाच होता. न्योकीबद्दल कुठेही वाचा, दोनच तक्रारी सापडतात: एक तर चिवट झाल्या, नाहीतर पाण्यात विरघळल्या. प्रत्येक कृतीत मैद्याचं प्रमाण वेगळं. कोणी किलोभर बटाट्याला २०० ग्रॅम सांगतं, कोणी ४००. कोणी अंडं घालायलाच हवं म्हणतं, कोणाला ते अजिबात चालत नाही. आठवडाभर मी हेच वाचत होतो आणि दर वाचनागणिक गोंधळ वाढत होता. या सगळ्याचं मूळ एकच आहे, ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर अवलंबून आहे. ते मूळ म्हणजे पाणी. बटाट्यात पाणी जितकं जास्त राहील तितका मैदा जास्त लागतो. मैदा वाढला की मळणंही वाढतं, मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं आणि न्योकी रबरासारखी होते. म्हणून सगळी मेहनत बटाटा कोरडा ठेवण्यावर घ्यायची. मशरूमचंही तसंच आहे. त्यातही नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि ते बाहेर काढल्याशिवाय त्यांना चव चढत नाही.

आधीच्या रविवारी मी तालीम केली. खास दिवशी पहिल्यांदा करू नका, एवढं मात्र आवर्जून सांगेन. तालमीला बटाटे आणि मैदाच लागतो, त्यामुळे खर्च जवळजवळ नाही. लागतो तो अर्धा दिवस.

बटाट्यांपासून सुरुवात. काही बटाटे शिजल्यावर पिठूळ होतात, हलक्या हातानं फुटतात. काही मेणचट राहतात, त्यांच्या फोडी अखंड राहतात. न्योकीला पिठूळ हवेत. विकणाऱ्याला जातीचं नाव विचारून फारसं हाती लागत नाही. 'भाजायला किंवा कुस्करायला कुठले चांगले' असं विचारलं की नेमके मिळतात. साल बोटानं घासून निघत असेल तर तो बटाटा नवा आणि पाणीदार. साठवणीतले, जाड सालीचे घ्यावेत. हिरवट झालेले बाजूला काढावेत, कारण हिरवेपणा वाढतो तसं सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं. आणि सगळे साधारण एका आकाराचे निवडावेत, नाहीतर लहान फुटून जातात तेव्हा मोठे मधून कच्चे असतात.

किलोभर बटाट्यांचे मी दोन वाटे केले. अर्धे सालीसकट थंड पाण्यात टाकून, मीठ घालून उकडले. मध्यम आकाराच्या बटाट्यांना चाळीस मिनिटं लागली. उरलेले काट्यानं टोचून, ओव्हनमध्ये २०० अंशांवर, जाड मिठाच्या थरावर ठेवून भाजले. त्यांना तासाच्या वर वेळ लागला. उकडताना साल काढायची नाही आणि फोडीही करायच्या नाहीत, उघड्या फोडी पाणी पितात. सुरी टोचून पाहण्याचा मोह होतो, पण प्रत्येक भोकातून पाणी आत जातं. एकाच बटाट्यात बारीक विणकामाची सुई घालून पाहिली की पुरे. भाजलेल्या बटाट्यांचा फरक कुस्करतानाच दिसला. ते मोकळे, भुसभुशीत होते आणि त्यांना मैदा बराच कमी लागला. ओव्हन असेल तर भाजावेत. नसेल तर सालीसकट उकडावेत, पाणी निथळलं की त्याच गरम पातेल्यात मिनिटभर मंद आचेवर हलवावेत. साल कोरडी दिसेपर्यंत थांबलं की झालं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथे थांबायला वेळ नसतो. बटाटा गरम असतानाच सोलायचा आणि गरम असतानाच कुस्करायचा, म्हणजे आतली वाफ बाहेर पडते. गार होऊ दिला तर तेच पाणी आत राहतं. एका हातात जाड फडकं धरून त्यावर बटाटा घ्यायचा, दुसऱ्या हातानं सुरीनं साल ओढायची. माझ्याकडे रायसर, म्हणजे बटाटा बारीक भोकांतून दाबून काढायचं साधन आहे, त्यातून दाबून काढले. रायसर नसेल तर बारीक भोकांच्या स्टीलच्या चाळणीवर चमच्याच्या पाठीनं दाबावं. हात दुखतात, पण काम चोख होतं. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर मात्र नको. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च सुटा होतो आणि खळ तयार होते. ती नंतर कशानंही सुधारत नाही.

कुस्करलेला बटाटा भांड्यात ढीग करून ठेवायचा नाही. ओट्यावर किंवा मोठ्या परातीत पातळ पसरायचा. त्यातून वाफ निघताना दिसते. हात लावल्यावर कोमट लागेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, त्याला तसंच राहू द्यायचं. तालमीच्या दिवशी ही दहा मिनिटं मला मोठी वाटली. नुसतं उभं राहून वाफ बघायची, आणि तरीही तेच खरं काम आहे हे मनाला पटवायचं.

मग मैदा. किलोला २५० ग्रॅम हे प्रमाण मी धरलं, त्यातला थोडा मागे ठेवला. बटाट्याच्या मधोमध खळगा करून एक फेटलेलं अंडं, चमचाभर मीठ आणि जायफळाची चिमूट घातली. अंड्याबद्दलचं माझं मत असं की पहिल्यांदा करणाऱ्यानं घालावं. अंडं गोळा बांधून धरतं आणि पाण्यात फुटण्याची धास्ती कमी करतं. हात बसला की वगळून बघावं, त्या न्योकी आणखी हलक्या होतात. वरून मैदा चाळून टाकला, उलथन्यानं कापत कापत मिसळला आणि शेवटी हातानं फक्त गोळा केला. तिंबायचं नाही. दोन मिनिटांत थांबायचं. गोळा बोटांना किंचित चिकटेल, तो मऊच राहायला हवा. जरा जास्तच मऊ वाटला तरी लगेच मैद्याच्या डब्याकडे हात जाऊ देऊ नये.

त्याऐवजी चाचणी घ्यायची. एक लहान पातेलं उकळत ठेवायचं, गोळ्यातून एक न्योकी तोडून त्यात टाकायची. वर आली, आकार टिकला आणि खाताना बटाट्याची चव आधी लागली, की गोळा तयार. कडा विरघळून पाणी गढूळ झालं तर मागे ठेवलेल्या मैद्यातला चमचाभर मिसळायचा आणि परत एक टाकून बघायची. उकडलेल्या बटाट्यांच्या गोळ्याला असं करावं लागलं, भाजलेल्याला लागलं नाही. सगळ्या कृतींमधल्या वेगवेगळ्या आकड्यांची माझी भीती या एका न्योकीनं घालवली. प्रमाण हे सुरुवात करण्यापुरतं असतं, पुढचं पातेलं सांगतं.

वळताना मला मजा आली. गोळ्याचे तुकडे करून प्रत्येकाची बोटभर जाडीची वळी करायची आणि सुरीनं पेराएवढे तुकडे पाडायचे. काट्याच्या दात्यांवर तुकडा ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबत पुढे ढकलला की एका बाजूला रेघा उमटतात, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो. रेघांवर सॉस धरून राहतो, आणि खळग्यामुळे मधला भाग पातळ होऊन न्योकी सगळीकडून सारखी शिजते. इटलीत यासाठी रेघा कोरलेली लाकडी फळी मिळते. ती नसली तरी काही अडत नाही. पहिल्या काही वाकड्यातिकड्या होतात, मग अंगठ्याला दाब कळतो. काटा मधूनमधून मैद्यात बुडवत राहायचं.

तालमीत मला आणखी एक गोष्ट तपासायची होती, ती म्हणजे आधी करून ठेवल्या तर किती टिकतात. रोमँटिक जेवण म्हणायचं आणि आपण तासभर मैद्यानं माखून ओट्यापाशी उभं राहायचं, याला अर्थ नाही. म्हणून काही कच्च्या न्योकी ओट्यावर ठेवल्या, काही फ्रिजमध्ये, काही फ्रीझरमध्ये. ओट्यावरच्या दोनेक तासांत खालून ओल्या होऊन ताटलीला चिकटायला लागल्या. फ्रिजमधल्या सकाळपर्यंत करड्या पडल्या आणि एकमेकींत मिसळल्या. फ्रीझरमधल्या मात्र जशाच्या तशा होत्या. त्या न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकल्या आणि ताज्यांइतक्याच छान लागल्या. माझा पुढचा सगळा आराखडा या निकालावर ठरला. न्योकी शुक्रवारी करायच्या, सॉसची तयारी शनिवारी संध्याकाळी, आणि जेवायच्या वेळी फक्त पाव तासाचं काम.

बुधवारी खरेदी. सगळ्यात जास्त वेळ गेला तो चीज शोधण्यात. बायको शाकाहारी आहे. अंडं खाते, पण प्राण्यांपासून काढलेलं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारं द्रव्य, असलेलं चीज खात नाही. पार्मिजानो रेज्जानो हे चीज त्याच्या ठरलेल्या नियमांनुसार वासराच्या जठरातलं रेनेट घालूनच केलं जातं. ग्राना पादानोचंही तसंच. शाकाहारी माणसासाठी इटालियन जेवण करताना ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते, म्हणून मुद्दाम लिहितो. पाकिटामागचे घटक वाचायचे, 'मायक्रोबियल रेनेट' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' असं लिहिलेलं कडक, मुरलेलं चीज घ्यायचं. नुसतं 'रेनेट' लिहिलं असेल तर खात्री धरू नये. मला असं चीज मिळालं, पण दुसऱ्या दुकानात आणि बराच शोध घेतल्यावर. हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

खर्चाचं म्हणाल तर चीज आणि वाळवलेले पोर्चिनी मशरूम या दोनच गोष्टी महाग होत्या. बाकी सगळं एकत्र केलं तरी त्यांच्याहून स्वस्त पडलं. पोर्चिनी थोडेच लागतात, दोघांना १५ ग्रॅम पुरतात. ते परवडत नसतील तर ताज्या मशरूमचं प्रमाण वाढवावं; सॉस चांगलाच होईल, फक्त चवीची खोली थोडी कमी राहील. ताज्यांमध्ये मी साधे पांढरे आणि तपकिरी क्रेमिनी निम्मे निम्मे घेतले, मिळून ३५० ग्रॅम. पांढरे बटण मशरूम, क्रेमिनी आणि मोठे पोर्टोबेलो ही तिन्ही एकाच जातीची, अगारिकस बायस्पोरसची रूपं आहेत. त्यामुळे एखादा प्रकार मिळाला नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. ताजेपणा तेवढा बघावा: टोपी कोरडी आणि टणक, बुळबुळीत नको.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो आणि आधी ओव्हन लावला. बटाटे भाजायला तासाच्या वर, सोलणं आणि कुस्करणं पंधरा मिनिटं, वाफ जिरेपर्यंत दहा, गोळा आणि चाचणी मिळून पंधरा, वळायला पाऊण तास. एकटा असाल तर एवढा वेळ धराच. मोठ्या ताटांत रवा भुरभुरून त्यावर न्योकी एकमेकींना न लागतील अशा मांडल्या आणि ताटं फ्रीझरमध्ये आडवी ठेवली. फ्रीझरमध्ये ताट सपाट मावतं का हे आधी बघून जागा करून ठेवा. दोनेक तासांत त्या टणक झाल्या, तेव्हा पिशवीत भरल्या. बायको मध्येच डोकावून गेली, 'मी वळू का थोड्या?' म्हणाली. मी नको म्हटलं. तिनं हट्ट केला नाही, दारात खुर्ची घेऊन बसली आणि वळणं संपेपर्यंत आम्ही बोलत होतो. कितीतरी दिवसांत आम्ही असं सलग बोललो नव्हतो. जेवण शनिवारचं असलं तरी माझ्या मनात वाढदिवस तिथूनच सुरू झाला.

शनिवारी साडेपाचला सॉसच्या तयारीला लागलो. पोर्चिनी वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवले. त्यांत हमखास बारीक माती असते, म्हणून मशरूम हातानं वर काढायचे, पिळायचे आणि उरलेलं तपकिरी पाणी सुती फडक्यातून गाळायचं. हे पाणी टाकू नका. वाळवताना मशरूममध्ये ग्वानिलेट हा चव खुलवणारा घटक तयार होतो, आणि चीजमधल्या ग्लुटामेटशी त्याची गाठ पडली की दोघांचीही चव एकमेकांमुळे वाढते. मशरूमच्या सॉसवर चीज किसलं की तो एकदम भरल्यासारखा का लागतो, ते यामुळे.

ताजे मशरूम मी झटकन धुतले आणि लगेच पुसले. धुवायचे की फक्त पुसायचे यावर बराच वाद वाचला होता. पटकन धुतल्यानं ते फारसं पाणी शोषत नाहीत; भिजत मात्र ठेवू नयेत. जाडसर चकत्या केल्या, कारण परतल्यावर त्या निम्म्याहून लहान होतात.

घरातली सगळ्यात रुंद कढई घेतली, चांगली तापवली आणि तेल न घालता अर्ध्या चकत्या एका थरात पसरल्या. थोड्याच वेळात पाणी सुटतं. चुरचुर आवाज जाऊन रटरट सुरू होते. तेव्हा झाकण ठेवायचं नाही, आच कमी करायची नाही. पाणी आटलं की आवाज पुन्हा बदलतो आणि चकत्या कढईला लागायला लागतात. तिथे लोणी आणि चमचाभर तेल घातलं, कडा खरपूस तांबूस होईपर्यंत परतलं, मग मीठ. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग नि तो वास यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. घाई करून सगळे एकदम ओतले तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात. मशरूम जास्त परतले जातील ही भीती बाळगू नये. त्यांच्या पेशीभित्तींतलं कायटिन उष्णतेनं विरघळत नाही, त्यामुळे ते भाजीसारखे गळून जात नाहीत. उरलेल्या चकत्याही तशाच परतून घेतल्या.

त्याच कढईत लोण्यावर एक लहान कांदा अगदी बारीक चिरून मऊ केला, दोन लसणाच्या पाकळ्या, थाइमची पानं आणि चिरलेले पोर्चिनी घातले. बहुतेक कृतींत इथे पांढरी वाइन असते. आम्ही दोघंही पीत नाही, म्हणून गाळलेलं पोर्चिनीचं पाणी ओतलं, कढईच्या तळाला लागलेलं सगळं खरवडून त्यात मिसळलं आणि निम्मं आटवलं. वाइनचा आंबटपणा शेवटी लिंबाच्या काही थेंबांनी भरून काढता येतो. परतलेले मशरूम परत कढईत आले आणि मी गॅस बंद केला. क्रीम अजून घातलं नव्हतं. सॉस इथपर्यंत करून झाकून ठेवता येतो, आणि अंघोळ करून कपडे बदलायला पुरेसा वेळ मिळतो.

न्योकी पोटाला जड असतात, म्हणून बाकीचं हलकं ठेवलं: आधी लिंबू नि ऑलिव्ह तेल लावलेली हिरवी पानं, शेवटी संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि डार्क चॉकलेट. दोन्हींना गॅसची गरज नाही, हे मुद्दाम ठरवलेलं. टेबलही आधीच मांडून झालं. तिच्या ताटलीखाली मी एक नोट ठेवली, आणि नोटेबरोबर घडी घातलेली चिठ्ठी.

आठ वाजता मोठं पातेलं भरून पाणी चढवलं, लिटरला १० ग्रॅमच्या हिशेबानं मीठ घातलं. पाणी तापेपर्यंत आम्ही सॅलड खाल्लं. मग ती बसून राहिली आणि मी उठलो. सॉसखाली मंद आच लावली, अर्धी वाटी क्रीम घातलं. फ्रीझरमधून न्योकी काढून थेट पाण्यात, एका वेळी एका ताटलीपुरत्याच. एकदम सगळ्या टाकल्या तर पाणी गार पडतं आणि उकळी परत येईपर्यंत त्या तळाशी बसून चिकटतात. टाकल्यावर झाऱ्यानं एकदाच तळ सोडवला. ताज्या न्योकी दोन-तीन मिनिटांत वर येतात, गोठवलेल्यांना थोडा जास्त वेळ लागतो. वर आल्यावर आणखी अर्धं मिनिट, मग झाऱ्यानं उचलून, निथळून सरळ सॉसमध्ये. चाळणीत ओतायच्या नाहीत, धक्क्यानं फुटतात.

न्योकीच्या पाण्यात सुटलेला स्टार्च असतो. त्यातलं पळीभर पाणी सॉसमध्ये घातलं आणि कढई उलथन्याशिवाय नुसती हलवली. मिनिटाभरात क्रीम, लोणी आणि पाणी एकजीव होऊन सॉस मिळून आला आणि न्योकींना लपेटून बसला. मग गॅस बंद करून चीज. सॉस रटरटत असताना चीज घातलं तर त्याच्या गुठळ्या होतात. शेवटी मिरपूड, लिंबाचे थेंब, आणि गरम पाण्यानं धुऊन पुसलेल्या ताटल्या. ताटली गार असली तर हा सॉस लगेच घट्ट होतो. मी टेबलापासून दूर होतो ते पंधरा मिनिटं असेन, तेही तिच्याशी बोलत.

पहिला घास घेताना मी तिच्याकडेच बघत होतो. ती काही बोलली नाही, दुसरा घेतला. मग काट्यावरची एक न्योकी उलटी करून दाखवत म्हणाली, 'या खळग्यात सॉस भरून राहतो, बघ.' काल दारात बसून तिनं मला प्रत्येक खळगा पाडताना पाहिलं होतं. मला त्या वाक्यानं जितका आनंद झाला तितका नुसत्या कौतुकानं झाला नसता. नोट आणि चिठ्ठी तिला ताटली उचलताना सापडली. २९ तारखेची गोष्ट मी तेव्हा सांगितली, चिठ्ठी तिनं तिथेच वाचली. त्यात काय होतं ते आमच्यापाशीच राहू दे. आम्ही पावणेअकरापर्यंत टेबलावरच होतो.

किलोभर बटाट्यांच्या न्योकी चौघांना पुरतात, त्यामुळे निम्म्या फ्रीझरमध्ये उरल्या आहेत. महिनाभरात संपवाव्यात, त्यानंतर त्यांना बर्फाचा वास लागायला लागतो. सॉस मात्र क्रीम घातल्यावर गोठवू नका, वितळताना तो फाटतो. मशरूम परतून क्रीमशिवाय ठेवता येतात. उरलेल्या न्योकी पुढच्या आठवड्यात साध्याच करणार आहोत: लोणी तांबूस होईपर्यंत तापवायचं, त्यात सेजची पानं कुरकुरीत करायची आणि वरून उरलेलं चीज. त्या दिवशी काटा तिच्या हातात असेल. तिला अंडं न घातलेला गोळा करून बघायचा आहे, आणि त्यासाठी पिठूळ बटाटे आजच आणून ठेवलेत.